ब्याण्णव म्हणजे निम्मं

हिरव्या ड्रॅगनचं कमावलेलं चामडं तीन नग घ्या, सुईदोरा घ्या आणि बसून एक चिलखत शिवा. शिवून झालं की बाजारात न्या. चामड्याला जेवढे पैसे मोजले होते, त्याहून चिलखताला बहुधा कमीच मिळतील. समोरचा व्यापारी लबाड आहे म्हणून नव्हे. सगळ्या बाजारात हाच भाव आहे. रूनस्केप नावाच्या ऑनलाइन खेळात वर्षानुवर्षं हा व्यवहार असाच चालला आहे आणि त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढलेला नाही. तिथले लोक मोर्चे काढत नाहीत असं नाही हं. डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने आपापसातल्या मुक्त देवघेवीवर बंधनं आणली, तेव्हा खेळाडूंनी खेळातल्याच शहरांत गर्दी करून निषेध केला होता. पण तयार माल कच्च्या मालाहून स्वस्त का, असा सवाल घेऊन कुणी रस्त्यावर आलेलं मला आढळलं नाही.

याचं कारण शिवणक्लासला गेलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. तिथे सगळेच शिकाऊ आहेत. चिलखत घालणारे थोडे, शिवणारे अमाप. अमाप लोकांना चामडं हवं, म्हणून चामडं महाग. अमाप लोकांनी शिवलेलं कुणालाच नको, म्हणून चिलखत स्वस्त. मग शिवायचं कशाला? तर एक चिलखत शिवलं की १८६ एक्सपी मिळतात. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण. चिलखत विकलं तरी ते आपल्याजवळ राहतात, चोर ते नेत नाही, आणि त्यांच्यावर अजून कुणी कर बसवलेला नाही. खरा माल तो. चिलखत म्हणजे शिवताना खाली पडलेल्या चिंध्या.

खेळ इंग्लंडचा. अँड्र्यू गावर हा केंब्रिजमध्ये शिकणारा मुलगा आणि त्याचा भाऊ पॉल यांनी तो रचला आणि ४ जानेवारी २००१ रोजी नॉटिंगहॅमच्या आपल्या आईवडिलांच्या घरातून जगासाठी खुला केला. त्यांच्या आईने त्या दिवशी काय म्हटलं याची नोंद मला कुठे सापडलेली नाही, पण मला ते शब्दशः ऐकू येतं. पुढे जॅगेक्स नावाची कंपनी निघाली, खेळ वाढला, सुधारला आणि इतका सुधारला की लोक वैतागले. २०१३ मध्ये कंपनीने खेळाडूंचं मत घेतलं: ऑगस्ट २००७ची एक जुनी प्रत आमच्याकडे जपून ठेवलेली आहे, ती पुन्हा सुरू करू का? साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. मधल्या वर्षांत झालेल्या सगळ्या सोयी बाजूला सारून लोकांनी आपले जुने कष्ट मतदान करून परत मागून घेतले. २२ फेब्रुवारी २०१३ला ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला, आणि आज नव्या खेळापेक्षा या जुन्याकडेच गर्दी जास्त असते. त्यात नवं काही घालायचं असेल तर आजही खेळाडूंचं मत घ्यावं लागतं. पूर्वी ७५ टक्के होकार लागायचा, आता ७० पुरतो. लोकसभेला हे जमलं असतं तर बरेच कायदे वाचले असते, म्हणजे आपण वाचलो असतो.

२०१८च्या ऑक्टोबरात हा खेळ मोबाइलवर आला, त्यामुळे माझ्यासारख्या बाईच्या हाती लागला. माझा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला असतो. फोनवर त्याचा शब्दसंग्रह ‘हं’, ‘बरं’ आणि ‘जेवलो’ एवढाच आहे. खेळात मात्र तो भरभरून बोलतो. कोळसा कुठे मिळतो, कुठल्या रानात जाऊ नये, कुणी ‘तुझं चिलखत दे, दुप्पट करून देतो’ म्हटलं तर काय करायचं, सगळं सांगतो. आईने मुलाला सांगायच्या गोष्टी तो मला सांगतो आणि मी ‘हं’, ‘बरं’ म्हणते.

पहिल्याच दिवशी म्हणाला, “आई, आधी लंब्रिजला जा आणि गाई मार.”

“काय मार?”

“गाई. कातडी मिळतात. ती अल खरीदला नेऊन कमावून घे, एका कातड्याला एक नाणं घेतात. मग हातमोजे शिव. पहिल्याच लेव्हलला येतात. एकाला १३.८ एक्सपी.”

आमचे हे शेजारीच बसून पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, “अगं, निदान आज तरी नको. एकादशी आहे.”

मुलाने तोड काढली. एकादशीला मडकी करायची. माती खणायची, पाणी घालून मऊ करायची, चाकावर घडवायची, भट्टीत भाजायची. चाकावरचे ६.३ आणि भट्टीचे ६.३, म्हणजे एका मडक्याचे एकूण १२.६ एक्सपी होतात. हातमोज्यापेक्षा कमी, पण उपासाला चालतात. तेव्हापासून आमच्याकडे ती वहिवाट पडली. द्वादशीला पारणं सोडून मी पुन्हा लंब्रिजच्या कुरणात. वाटेत अल खरीदच्या नाक्यावर दहा नाणी टोल भरावा लागला. टोल चुकवायचा तर पर्यायी रस्ता आहे, पण तो इतका लांबून जातो की माणूस मुकाट पैसे काढून देतो. इंग्लंडच्या पोरांना हे कुणी शिकवलं, देव जाणे.

या कौशल्याचं नाव क्राफ्टिंग. त्यात काय काय येतं ते ऐका: चामडं शिवणं, मडकी घडवणं, लोकर कातणं, कापड विणणं, काच फुंकणं, हिऱ्या-माणकांना पैलू पाडणं, सोन्याचे दागिने ओतणं. म्हणजे चांभार, कुंभार, साळी, कासार आणि सोनार एकाच आकड्यात बसवलेले आहेत. फक्त लोहार आणि सुतार वेगळे काढले आहेत. मातीची मडकी करून कमावलेल्या अनुभवावर माणूस पुढे नीलम कापायला बसतो आणि कुणी त्याला जात विचारत नाही. लेव्हल विचारतात. फॅलाडॉर शहराच्या नैऋत्येला या सगळ्या कारागिरांचा एक मोठा संघ आहे, क्राफ्टिंग गिल्ड. आवारातच सोन्या-चांदीची आणि मातीची खाण, चामडं कमावणारा, कुंभाराची चाकं, सगळं एका ठिकाणी. आत जायला लेव्हल ४० लागते आणि अंगात तपकिरी एप्रन लागतो. लेव्हल असली आणि एप्रन नसला तर दारातला माणूस सोडत नाही. मी त्याला सांगून पाहिलं की बाबा रे, माझी ४० झालेली आहे, तपासून घे. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी वॅरॉकला जाऊन एप्रन घेऊन आले. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे दार ओळखीचं वाटतं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण या खेळात माणसं आकड्यांसाठीच येतात. लेव्हल एकवरून दोनवर जायला ८३ एक्सपी पुरतात. सहा-सात हातमोजे शिवले की झालं. लेव्हल ५०ला १,०१,३३३ लागतात. इथे माणसाला वाटतं, अर्धी वाट संपली. नाही. शेवटची लेव्हल ९९, आणि तिला १,३०,३४,४३१ लागतात. दर सातएक लेव्हलींना लागणारा अनुभव दुप्पट होत जातो, त्यामुळे खरी निम्मी वाट लेव्हल ९२ला येते. तिथे ६५,१७,२५३ होतात. पहिल्या ९१ पायऱ्या चढायला जेवढं लागलं, तेवढंच पुढच्या सात पायऱ्यांना. खेळाडूंमध्ये ‘ब्याण्णव म्हणजे निम्मं’ हे वाक्य पाढ्यासारखं म्हटलं जातं. कुणी नवखा ‘माझी नव्वद झाली, आता थोडंच राहिलं’ म्हणाला की जुने लोक हे वाक्य टाकतात आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. चेहरा दिसत नाही, पण बघतात.

तरी माणसं का चिकटून राहतात? लेव्हल वाढली की डोक्यावर फटाके फुटतात, सनई नव्हे पण त्या जातीचं काहीतरी वाजतं आणि अभिनंदनाचा मजकूर येतो. मी घरात आजवर केलेल्या कुठल्याही पुरणपोळीनंतर फटाका फुटलेला नाही. नोकरीत तर वेतनवाढही मागच्या तारखेपासून, पुढच्या वर्षी, थकबाकीसह यायची. इथे ज्या क्षणी शेवटचा टाका पडतो त्या क्षणी फटाका.

सुतारकाम हा इथला सगळ्यात श्रीमंतांचा छंद. त्याचं नाव कन्स्ट्रक्शन. आपलं घर घ्यायचं, त्यात खुर्च्या, टेबलं, कपाटं बसवायची. कल्पना गोड आहे. पण एक्सपी मिळतात ते वस्तू बांधल्यावर, आणि घरात टेबलाची जागा एकच. मग काय करायचं? बांधलेलं टेबल तोडायचं आणि त्याच जागी पुन्हा बांधायचं. महॉगनीच्या टेबलाला सहा फळ्या लागतात, ८४० एक्सपी मिळतात, आणि टेबल लेव्हल ५२पासून येतं. तिथून ९९पर्यंत फक्त टेबलंच करायची ठरवली तर १५,३७० टेबलं होतात. त्यांना ९२ हजारांच्या वर फळ्या लागतात. लाकूड आपलं असलं तरी कापायला गिरणीवाला एका फळीचे १,५०० घेतो, म्हणजे नुसत्या करवतकामाचे तेरा कोटी नाण्यांच्या पुढे झाले. आणि हे सगळं झाल्यावर घरात टेबलं किती? शेवटचं तोडायचं विसरलात तर एक.

हे काम एकट्याने होत नाही, कारण माणसाच्या पिशवीत २८च वस्तू मावतात. म्हणून नोकर ठेवतात. आर्डून शहरात नोकरांची संघटना आहे, तिथून मोलकरीण, आचारी, बटलर असे पगाराप्रमाणे मिळतात. सगळ्यात वरचा म्हणजे डीमन बटलर. हा साक्षात राक्षस आहे, पण बोलणं-वागणं जुन्या सरदारांच्या वाड्यातलं. तुम्ही टेबल तोडेपर्यंत तो बँकेत जाऊन २६ फळ्या घेऊन येतो आणि अदबीने पुढे ठेवतो. दर आठ खेपांना दहा हजार नाणी पगार मागतो, तोही अदबीने. एवढं मनुष्यबळ, म्हणजे राक्षसबळ, हाताशी असूनही त्याने एकदाही विचारलेलं नाही की बाईसाहेब, हे टेबल नक्की कुठे ठेवायचंय? या संयमाचे पैसे दहा हजारांहून जास्त व्हायला हवेत.

आमचे हे निवृत्त इंजिनिअर. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. एकदा माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघत उभे राहिले. एक टेबल झालं, तुटलं, झालं, तुटलं. शेवटी म्हणाले, “एकाच जागी तेच बांधायचं आणि तेच उकरायचं, हे मी नोकरीभर केलंय. आमची लेव्हल मात्र कुणी वाढवली नाही.” आणि चहा टाकायला आत गेले. त्यानंतर या खेळाबद्दल त्यांच्या बोलण्यात आदर आला आहे.

परत चिलखतांकडे. शिवलेला ढीग कुणी घेईना, तर करायचं काय? याची सोय जादूने केलेली आहे. जादूची लेव्हल ५५ झाली की एक मंत्र मिळतो, हाय अल्केमी. कुठल्याही वस्तूवर तो टाकला की वस्तू नाहीशी होते आणि तिच्या ठरलेल्या किमतीच्या साठ टक्के नाणी हातात पडतात. हिरव्या चामड्याचं चिलखत ७,८०० किमतीचं धरतात, म्हणून त्याचे ४,६८० मिळतात. कुणी कौतुकाने विकत घेवो न घेवो, एवढे कुठेच जात नाहीत. मंत्राला लागणारी एक नेचर रून, म्हणजे मंत्राचा दगड, तेवढी वजा करायची. हा सरळसरळ हमीभाव आहे. फरक इतकाच की हमीभावाचं केंद्र उघडं आहे का, बारदान संपलं का, ओलावा किती भरला, असले प्रश्न नाहीत. सातबारा लागत नाही. पैसे त्याच सेकंदाला. म्हणून त्या बाजारातल्या कितीतरी वस्तूंचे भाव या मंत्राच्या आकड्याच्या आसपासच घुटमळताना दिसतात, आणि बँकेसमोर उभ्या असलेल्या मांत्रिकांच्या हातून रोज किती कारागिरी धुरात जाते याला गणती नाही. कुणी शिवायचं, कुणी जाळायचं, दोघांचीही लेव्हल वाढते. जाळणाऱ्याला एका मंत्राचे ६५ एक्सपी मिळतात.

सरकार तिथेही पोचलं आहे बरं का. वॅरॉकमध्ये ग्रँड एक्स्चेंज नावाची मोठी बाजारपेठ आहे, तिथल्या विक्रीवर २०२१च्या डिसेंबरात एक टक्का कर बसवला, पुढे त्याचे दोन टक्के केले. त्या पैशातून कंपनी बाजारातल्या जास्तीच्या वस्तू विकत घेते आणि नष्ट करते. कराच्या पैशाचं नेमकं काय होतं हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी राजवट माझ्या माहितीत नाही.

या जगाचा एक नियम माझ्या उशिरा ध्यानात आला, पण तो पक्का आहे: जे काम लवकर शिकवतं ते खिसा कापतं, आणि जे काम पैसे देतं ते काही शिकवत नाही. तोफगोळ्यांचं उदाहरण घ्या. पोलादाचा एक गज भट्टीत घातला की चार गोळे पडतात. भट्टीजवळ उभं राहायचं, पिशवीभर गजांचे गोळे व्हायला मिनिटं जातात, तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. फायदा होतो, पण एका गजाला २५.६ एक्सपी आणि तेही रेंगाळत. लेव्हल हलता हलत नाही. उलट महॉगनीची टेबलं तासाभरात माणसाला कुठल्या कुठे नेतात आणि तेवढ्याच वेळात कफल्लक करतात. मधला मार्ग शोधण्यात हुशार हुशार मुलांनी तरुणपण घातलेलं आहे. कुणी तासाला किती एक्सपी, एक्सपीला किती नाणी, याचे तक्ते मांडतो. कुणाला शोध लागला की हा खेळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतो, आणि मासे पकडता पकडता मध्येच डांबरात पाला कुटायला घेतला की मोजणी चुकून मासे लवकर गळाला लागतात. मग हे लोक तबल्यावर बसल्यासारखे ठेक्यात मासा, पाला, मासा, पाला करत बसतात. मुलाने मला हे शिकवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, मी तोफगोळेच करते.

स्वयंपाक हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. लेव्हल ३५ला द्राक्षं आणि पाण्याची सुरई एकत्र केली की वाइन होते आणि एका सुरईला २०० एक्सपी मिळतात. तिथून ९९ म्हणजे ६५ हजार सुरया. लेव्हल ६८पर्यंत त्यातली काही नासते. नाशिककडच्या माझ्या बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे ६८ वर्षांनंतरही नासते. लोहारकामात तर सुरुवातीपासूनच नुकसान मांडलेलं: लोखंडाची माती भट्टीत टाकली की निम्म्या वेळा लोखंड होतं, निम्म्या वेळा काहीच होत नाही. भट्टीतून हात हलवत परत यायचं. आणि लाकडं जाळण्याचं एक स्वतंत्र कौशल्य आहे. जाळण्याचं! लाकूड पेटवलं की माणूस एक पाऊल पश्चिमेला सरकतो, पुढचं पेटवतो, पुन्हा सरकतो. ९९ लेव्हलचा माणूस म्हणजे ज्याने पश्चिमेला जाता जाता एक अख्खं जंगल संपवलं.

सगळ्यात नावडतं काम रून घडवण्याचं. खाणीतून दगड आणायचे, पिशवी भरायची, रानातून धावत वेदीपाशी जायचं, एकदा हात लावायचा, सगळ्या दगडांच्या रून होतात, की परत धावत खाणीकडे. हवेच्या एका रूनला पाच एक्सपी. यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि करणाऱ्यांनाही सांगण्यासारखं काही नसतं.

पण माझं ते हिरवं चामडं येतं कुठून, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. ड्रॅगन मारायची माझी हिंमत नाही. मी एक्स्चेंजवरून विकत घेते, आणि तिथे विकणाऱ्याचं नाव दिसत नाही. मुलाने सांगितलं की व्हेनेझुएलात महागाईने चलनाचा पार पाचोळा झाला, त्या वर्षांत तिथले कितीतरी लोक दिवसच्या दिवस हे हिरवे ड्रॅगन मारत बसायचे. हाडं आणि कातडी विकून खेळातली नाणी जमवायची, ती परदेशी खेळाडूंना डॉलरमध्ये विकायची. खेळाच्या नियमांत हे बसत नाही, पकडलं तर खातं बंद होतं. पण खेळातली नाणी त्यांच्या देशाच्या नोटेपेक्षा जास्त टिकाऊ ठरली होती. म्हणजे एकीकडे मी, दुपारची भांडी झाल्यावर वेळ जात नाही म्हणून चामडं शिवून मुद्दाम तोट्यात जाणारी. आणि दुसरीकडे तेच चामडं सोलून घरात पीठ आणणारा कुणीतरी. तोटा करण्याचीही ऐपत लागते. त्या दिवसापासून मी चामड्याच्या भावात दोन-चार नाण्यांसाठी अडून बसत नाही.

यंत्राकडून खेळवून घेणारेही पुष्कळ. माणूस झोपतो आणि त्याचा प्रोग्रॅम रात्रभर झाडं तोडतो. जुन्या काळी त्यांना पकडायला कंपनीने एक युक्ती केली होती: काम करता करता मध्येच कुणीतरी यायचं आणि तुम्ही माणूस आहात का ते बघायचं. दिव्यातला जिन यायचा. एक सँडविचवाली बाई ट्रे घेऊन यायची आणि सांगायची, हे अमुक घ्या. तेच उचललं तर ठीक. नाही तर बाई मारायची. या बाईंबद्दल मला आपुलकी आहे. दमून काम करणाऱ्याला खायला आणून द्यायचं, आणि दिलेलं नीट बघून घेतलं नाही तर एक ठेवून द्यायची, यात गैर काय आहे? आता या पाहुण्यांकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, त्यामुळे त्यांचं येणं नुसतं येणं उरलं आहे.

लोहारकामाची परिसीमा सांगते. रून धातूचं पूर्ण चिलखत, रून प्लेटबॉडी, घडवायला लोहारकामाची लेव्हल ९९ लागते. म्हणजे १ कोटी ३० लाख एक्सपींची तपश्चर्या संपली, फटाके फुटले, की त्या दिवशी पहिल्यांदा हे चिलखत तुमच्या ऐरणीवर घडतं. ते घालायला मात्र बचावाची लेव्हल ४० आणि एक ड्रॅगन मारल्याचा पराक्रम एवढं पुरतं, जे उत्साही पोरगं थोड्या आठवड्यांत करतं. आणि जनरल ग्राडॉर नावाचा एक दांडगा आहे, त्याला मारलं की तो कधीकधी हेच चिलखत जमिनीवर टाकून मरतो. मारणारे लोक ते उचलतात, कंटाळून त्यावर मंत्र टाकतात आणि ३९,००० नाणी करून मोकळे होतात. आयुष्यभराच्या कारागिरीचा कळस तो हा. लोहारांना हे माहीत असतं, तरी ते ऐरणीवरून उठत नाहीत.

कारण ९९ झाली की झगा मिळतो. मिळतो म्हणजे ९९,००० नाणी देऊन विकत घ्यावा लागतो. प्रत्येक कौशल्याचा झगा वेगळ्या रंगाचा आणि त्याच्याबरोबर हातवाऱ्यांचा एक छोटा नाच. स्वयंपाकाचा झगा अंगात असला की कुठलाही पदार्थ करपत नाही. हा एक झगा मला खऱ्याखुऱ्या आयुष्यात चालला असता. झगे घालून ही मंडळी एक्स्चेंजच्या चौकात उभी असतात, हाताने काहीतरी कापत, शिवत, आणि गप्पा मारत. ज्यांना तेही पुरत नाही ते पुढे जातात, कारण एक्सपी ९९ला थांबत नाहीत. प्रत्येक कौशल्यात २० कोटींची मर्यादा आहे. लिंक्स टायटन या नावाने खेळणाऱ्याने २०१८ मध्ये तेव्हाच्या तेवीसच्या तेवीस कौशल्यांत ती गाठली, सगळी मिळून ४६० कोटी. असं करणारा तो जुन्या रूनस्केपमधला पहिला. त्यात रून घडवण्याचे वीस कोटीही आले, याकडे मी आदराने लक्ष वेधते.

माझी क्राफ्टिंग सत्तरीत आहे, म्हणजे ब्याण्णव अजून दृष्टिपथात नाही आणि ब्याण्णव म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. वाचकांपैकी कुणी त्या जगात असाल आणि हिरवं चिलखत हवं असेल, तर संध्याकाळी पाचनंतर वॅरॉकच्या चौकात या, तपकिरी एप्रन घातलेली बाई मीच. घासाघीस चालेल, तोटा आधीच झालेला आहे. पाच घेणाऱ्याला एक मडकं फुकट. चामडं विकायला आला असाल तर मात्र दुपारी चारच्या आत या, आणि एकादशी नाही ना ते बघून या.